गुलाब नाही, गुलाबाचे दिवस विकत घ्या : काढणीनंतरची हाताळणी आणि तुमचा नफा



शिरूरची बॅच असो की दौंडची, फुलांच्या किंवा बुकेच्या दुकानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल चांगला बघून आणतो, तरी दोन दिवसांत गुलाब मान टाकतो. व्यापारी फसवतो का?"

कधीकधी व्यापारी शिळा माल देतो, हे खरं आहे. पण बऱ्याच वेळा फूल आपल्याच हातात मरतं आणि आपल्याला ते कळत नाही. व्हिडिओत मी बादली, सिकेटर आणि पाणी घेऊन प्रात्यक्षिक दाखवलंय. इथे त्यामागचं कारण आणि हिशोब नीट लिहून देतो, म्हणजे तुम्हाला वहीत उतरवून घेता येईल.

आधी माझी चूक ऐका

दुकानाचं पहिलं वर्ष. व्हॅलेंटाइनसाठी मी १२ फेब्रुवारीला पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो आणि डच गुलाबाच्या ३० गड्ड्या घेतल्या. एका गड्डीत २० फुलं, म्हणजे ६०० फुलं. माल एक नंबर होता. पण मी तिथेच आणखी दोन कामं काढली, रिबीन घेतली, रॅपिंग पेपर घेतला. मग वाघोली आणि शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. शिरूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गाडीवर ताडपत्री, आत नुसती वाफ. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून गड्ड्या तशाच फरशीवर ठेवल्या. संध्याकाळी एका मोठ्या टिपात बोअरचं पाणी भरलं आणि सगळ्या त्यात उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी ताजी दिसावीत म्हणून वरून पाण्याचा फवारा मारला.

१४ तारखेला सकाळी शटर उघडलं तर अर्ध्याच्या आसपास फुलांच्या माना वाकलेल्या. काही पाकळ्यांवर तपकिरी डाग. २२० फुलं फेकली, उरलेली पडेल भावात दिली. संध्याकाळी एक कॉलेजचा मुलगा परत आला. भांडला नाही. फक्त म्हणाला, "दादा, द्यायच्या आधीच मान टाकली हो त्यानं." ते पैसे गेले त्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

मी व्यापाऱ्याला फोन करून सुनावलं. त्याने शांतपणे एकच विचारलं, "पाण्यात किती वाजता टाकला?" मी मनात मोजलं. बारा तासांच्या वर फूल कोरडं होतं. पुढे काही बोललोच नाही.

कापलेल्या फुलात नेमकं काय चालतं?

झाडावरून कापलं तरी गुलाब जिवंत असतो. तो श्वास घेतो, पानांतून आणि पाकळ्यांतून पाणी सोडतो, कळी उमलवतो. फरक इतकाच की मुळांकडून येणारं पाणी आणि झाडाने बनवलेली साखर आता बंद. म्हणजे पगार बंद झालेला माणूस बचतीवर जगतो तसं. बचत किती दिवस पुरेल, हे खर्चावर ठरतं. आपल्याला फुलाचं आयुष्य वाढवता येत नाही, पण खर्च कमी करता येतो. हा खर्च चार ठिकाणी होतो.

१. उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की फुलाच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. आता हिशोब करा. शीतगृहात ४ अंश, ताडपत्रीखाली ३४ अंश. मधे १० अंशांचे तीन टप्पे. प्रत्येक टप्प्याला नुसती दुप्पट धरली तरी २ × २ × २ म्हणजे आठपट. गाडीतले ३ तास म्हणजे शीतगृहातले २४ तास! हे ढोबळ गणित आहे, पण वाटेत चहाला थांबताना ते डोक्यात असू द्या.

२. पाणी तुटणं. देठात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. कापल्यावर देठ कोरडा राहिला की त्या नळ्यांत हवा शिरते. ठिबकच्या नळीत हवा अडकली की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसंच. नंतर बादलीत ठेवलं तरी पाणी वर चढत नाही. दुसरा अडथळा जंतूंचा. घाण बादली, कुजकी पानं, शिळं पाणी यांत जंतू वाढतात आणि नळीचं तोंड बुजवतात. कळीखालची मान हा सगळ्यात कोवळा भाग. पाणी कमी पडलं की तीच आधी वाकते. फार कच्ची कळी कापली असेल तर मान अजून लवकर वाकते, कारण ती पुरती भरलेलीच नसते.

३. इथिलीन वायू. पिकणारी फळं हा वायू सोडतात. गाडीच्या धुरात आणि कुजणाऱ्या फुलापानांतही तो असतो. त्याने काही जातींच्या पाकळ्या लवकर गळतात, काहींच्या कळ्या नीट उमलत नाहीत. आपल्याकडे केळी, नारळ, हार आणि गुलाब एकाच टपरीत असतात. रांजणगावच्या गणपतीला जाताना रस्त्याकडेची दुकानं बघा. केळीचा घड आणि गुलाबाची बादली शेजारी शेजारी नको, एवढं लक्षात ठेवा.

४. पाकळ्यांवरचं पाणी. पाकळीवर पाण्याचे थेंब राहिले की करड्या बुरशीला आमंत्रण. आधी बारीक डाग येतात, मग पाकळी सडते. माझ्या फवाऱ्याने हेच केलं होतं. गार खोलीतून फूल एकदम उकाड्यात आणलं तरी पाकळीवर दव धरतं. अशा वेळी गड्डीचं प्लास्टिक वरून मोकळं करा, हवा लागू द्या. हाराची सुटी फुलं ओल्या फडक्यात ठेवतात, ते वेगळं. दांडीच्या गुलाबाला पाणी देठातून द्यायचं, डोक्यावरून नाही.

मावळात काय करतात ते बघा

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात मावळ तालुका पॉलिहाऊसच्या गुलाबासाठी ओळखला जातो. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचं पुष्पोद्यान आहे. व्हॅलेंटाइनच्या आधी तिथला माल विमानाने परदेशात जातो आणि मग देशातल्या मोठ्या शहरांत. फूल कापल्यापासून ते लांबच्या देशात गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत कित्येक दिवस जातात, तरी ते टवटवीत असतं. आणि आपण गुलटेकडीहून ६५-७० किलोमीटरवर शिरूरला आणतो तर मान टाकतं. असं का?

कारण तिथे साखळी तुटत नाही. ऊन चढायच्या आधी काढणी करतात. कळीखालची हिरवी पाती खाली वळलेली आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या नुकत्या सुटायला लागलेल्या असतील तेव्हाच कापतात. कापल्यावर दांड्या लगेच पाण्याच्या बादलीत जातात आणि तिथून २ ते ४ अंशांच्या शीतखोलीत. मग दांडीच्या लांबीप्रमाणे प्रतवारी, २० फुलांची गड्डी, कळ्यांभोवती पुठ्ठ्याचं वेष्टन, बॉक्स, आणि विमानतळापर्यंत गार गाडी. यात जादू काहीच नाही. थंडावा, पाणी आणि स्वच्छता, एवढंच.

हे शास्त्र शिकायचं असेल तर तळेगाव दाभाड्यालाच राज्य कृषी पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. पुण्यात फुलांवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं पुष्प विज्ञान संशोधन संचालनालयही आहे. ज्यांना शेतापासून दुकानापर्यंत सगळं स्वतः करायचंय, त्यांनी अशा ठिकाणी जाऊन एकदा डोळ्यांनी बघावं.

घेताना काय बघायचं?

आपल्याला शीतखोली परवडत नाही. पण साखळीतले शेवटचे तीन दुवे आपल्या हातात आहेत : खरेदी, वाहतूक आणि दुकान. खरेदीला भाव विचारण्याआधी "कधी कापलाय?" हे विचारा. मग या पाच गोष्टी बघा :

• देठाचं टोक काळपट, चिकट आहे का? असेल तर माल पाण्यात पडून आहे.
• बादलीतल्या पाण्याला वास येतो का?
• पाकळ्यांवर तपकिरी ठिपके आहेत का? सर्वात बाहेरच्या एक-दोन पाकळ्या खरचटलेल्या असतील तर हरकत नाही, त्या काढता येतात.
• कळी बोटांनी हलकी दाबून बघा. भरीव लागली पाहिजे. एकदम दगडासारखी टणक आणि हिरवी असेल तर ती कच्ची कापलीय, उमलेलच असं नाही.
• पानं तरतरीत आहेत का? फुलाच्या आधी पानं खरं सांगतात.

आता मुख्य मुद्दा. समजा, एक गड्डी १२० रुपयांना आहे आणि तिच्यात पाच दिवस शिल्लक आहेत. दुसरी ९० रुपयांना आहे, पण दोनच दिवस शिल्लक आहेत. स्वस्त कोणती? एका दिवसाचा खर्च काढा. पहिली २४ रुपये, दुसरी ४५ रुपये. आज संध्याकाळच्या लग्नाच्या स्टेजसाठी दुसरी चालेल, कारण तिथे फूल एक रात्रच उभं राहायचंय. पण दुकानात चार दिवस ठेवून विकायची असेल तर पहिलीच घ्या. आपण फूल विकत घेत नाही, त्याचे उरलेले दिवस विकत घेतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी आजचा लेख वसूल.

वाटेत

मार्केट यार्डात फुलं सगळ्यात शेवटी घ्या. रिबीन, पेपर, बास्केट आधी. गाडीत दोन बादल्या ठेवा, प्रत्येकीत चार-पाच बोटं पाणी, आणि गड्ड्या उभ्या. बादल्या हलू नयेत म्हणून मधे गोणपाट कोंबा. पुणे-दौंड डेमूने येणाऱ्यांना बादली आणणं अवघड जातं. त्यांनी देठांच्या टोकांना ओला कापूस किंवा ओलं फडकं गुंडाळावं, वर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि पहाटेच निघावं. गड्ड्या खिडकीच्या उन्हात नकोत आणि त्यांच्यावर दुसरं सामान नको.

दुकानात पोचल्यावरची पहिली २० मिनिटं

गिऱ्हाईक उभं असलं तरी त्यांना नम्रपणे थांबवा. ही २० मिनिटं तुमचा नफा ठरवतात.

१. प्लास्टिकची बादली साबणाने घासा आणि ब्लीचच्या पाण्याने विसळा. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको, औषधाचा गुण तिथे कमी होतो.

२. स्वच्छ पाणी भरा. आपल्याकडे बऱ्याच बोअरच्या पाण्याला क्षार जास्त. आरओचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर नळाचं.

३. एक लिटर पाण्याला १ मिलि साधं, बिनवासाचं ब्लीच टाका. बाटलीवर ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असलं पाहिजे. १० लिटरच्या बादलीला १० मिलि, म्हणजे औषधाच्या बाटलीचं एक टोपण. जास्त टाकलं तर पानं आणि देठ भाजतात. आणि एक ताकीद : ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका. विषारी वायू होतो.

४. पाण्यात बुडतील तेवढीच खालची पानं काढा. काटे काढताना साल सोलू नका. जखम झाली की जंतूंना दुसरं दार मिळतं.

५. धारदार सिकेटरने किंवा चाकूने देठ खालून दोन सेंटिमीटर तिरका कापा. शक्य असेल तर पाण्याच्या घमेल्यात देठ बुडवून कापा, म्हणजे हवा शिरत नाही. बोथट कात्रीने नळ्या चेंगरतात, मग बाकीची मेहनत वाया.

६. गड्डी कागदात सरळ गुंडाळलेली ठेवूनच दोन-तीन तास खोल पाण्यात उभी करा. माना सरळ राहतात आणि पाणी वर चढतं. हे झाल्याशिवाय बुके बांधायला घेऊ नका.

७. बादलीवर तारखेची चिठ्ठी लावा. आधी आलेला माल आधी जाईल. पाणी रोज बदला, कारण ब्लीचचा जोर एक-दोन दिवसांत जातो.

बादली ठेवायची जागा : मागची, सावलीची, वाऱ्याच्या झोतापासून लांब. पंख्याखाली ठेवलेला गुलाब दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा सुकतो. शोसाठी दर्शनी भागात पाच-सहा फुलं पुरेत.

साखरेबद्दल सगळे विचारतात. तयार 'फ्लॉवर फूड'च्या पुडीत तीन गोष्टी असतात : अन्न म्हणून साखर, पाणी आंबट करायला ॲसिड आणि जंतू मारायचं औषध. आंबट पाणी देठातून सहज चढतं. नुसती साखर टाकली तर फुलाआधी जंतूच जेवतात आणि नळी बुजते. म्हणून एकतर पुडी वापरा, नाहीतर साखर टाकूच नका. नाणं, डोकेदुखीची गोळी यांच्या भरवशावर धंदा करू नका.

दौंडच्या ताईंचा फ्रिज

आता खरा प्रश्न. आमच्या दौंडच्या बॅचमधल्या एक ताई बुके आणि गिफ्टचं छोटं दुकान चालवतात. फुलं वाया जातात म्हणून त्या काचेच्या कुलरसाठी कर्ज काढायला निघाल्या होत्या. फॉर्म भरून तयार होता. मला म्हणाल्या, "सर, फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. आधी एक प्रयोग करायला सांगितला. एकाच गड्डीतली दहा फुलं त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने ठेवायची, दहा वर सांगितलेल्या पद्धतीने. पाच दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला. नेहमीच्या बादलीतली सहा फुलं वाकलेली, दुसऱ्या बादलीतलं एकच. दहा फुलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पुढचे तीन आठवडे त्यांनी तेच करून वहीत लिहिलं. फुलांची मोड पूर्वी गड्डीमागे पाच होती, ती दोन-तीनवर आली.

हिशोब असा. समजा गड्डी १२० ला, फूल १५ ला विकलं. सगळी २० विकली तर ३०० रुपये, नफा १८०. पाच फेकली तर विक्री २२५, नफा १०५. बघा, फुलं गेली २५ टक्के पण नफा गेला जवळजवळ ४२ टक्के. दुकानाचं भाडं आणि लाइटबिल तर अजून धरलंच नाही.

मग कुलरचं गणित. समजा कुलर ६०,००० चा आणि तो उरलेली दोन फुलंही वाचवतो. म्हणजे गड्डीमागे ३० रुपये. ६०,००० निघायला २,००० गड्ड्या विकाव्या लागतील. ताईंची विक्री आठवड्याला सहा गड्ड्या, वर्षाला ३१२. म्हणजे सहा वर्षांच्या वर, तेही व्याज आणि वीज सोडून. ताईंनी फॉर्म फाडला नाही, कपाटात ठेवला. म्हणाल्या, "आठवड्याला तीस गड्ड्या झाल्या की काढीन." मला हे उत्तर फार आवडलं. कुलर वाईट नाही. तो कधी घ्यायचा हे आपल्या वहीने ठरवावं, विकणाऱ्याने नाही.

आणि घरचा फ्रिज? त्यात फळं असतात, हवा कोरडी असते. फळांशेजारी गुलाब ठेवणं म्हणजे केळीच्या घडाशेजारी ठेवण्यासारखंच. एखादी रात्र ठेवायची वेळ आलीच तर फळं बाहेर काढा, कळ्यांवर कागद गुंडाळा आणि देठ पाण्यात ठेवा.

गिऱ्हाईकालाही सांगा

फूल दुकानातून गेलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. बुकेबरोबर चार ओळींची छोटी चिठ्ठी द्या : देठ थोडा कापा, भांडं स्वच्छ घ्या, पाणी रोज बदला, ऊन-पंखा-फळं यांपासून लांब ठेवा. मी ही चिठ्ठी द्यायला लागल्यापासून लोक परत येऊन सांगतात, "तुमचा गुलाब आठवडाभर टिकला." अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक गड्डी घ्या, दहा-दहाच्या दोन बादल्या करा. यावेळी एकच गोष्ट बदला. फक्त ब्लीच, किंवा फक्त देठ नव्याने कापणं, किंवा फक्त जागा. रोज सकाळी किती माना वाकल्या ते लिहा. सगळं एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. पाच दिवसांनी तुमच्याकडे तुमच्या पाण्याचा, तुमच्या दुकानाचा, तुमच्या गावच्या उन्हाचा आकडा असेल.

मीही त्या १४ फेब्रुवारीनंतर हेच केलं. पुढच्या वर्षी ३० ऐवजी २० गड्ड्या आणल्या, पण बादलीतून आणल्या. फेकलेली फुलं मोजली तर तीस सुद्धा नव्हती. विक्री कमी झाली, पण हातात पैसा जास्त राहिला.

चला, आता सिकेटरला धार लावा. भेटू पुढच्या व्हिडिओत.